हंगामी कामातील मजूर स्त्री आणि हजेरीची वही

शेतीशी निगडित असलेली पुष्कळशी कामे हंगामी स्वरूपाची असतात. उसाची तोडणी, कापसाची वेचणी व सरकी काढण्याचे कारखाने, द्राक्षांची विरळणी व बांधणी, बेदाण्याची निवड, कांद्याची लागण, काढणी व प्रतवारी, कोकणातील व गोव्यातील काजूचे कारखाने, या सर्व ठिकाणी वर्षातील काही महिनेच कामाची गर्दी असते. ही गर्दी निभावून नेण्याच्या कामी स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. तथापि हंगाम संपल्यावर कोणाला पुन्हा बोलवावयाचे, कोणाला मधेच काढून टाकावयाचे, आणि केलेल्या कामाचे किती पैसे कोणाच्या हाती द्यावयाचे, या तिन्ही बाबतीत स्त्रियांवर अन्याय होतो असे आढळून येते.

या अन्यायाची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक अगदी साधी गोष्ट असते. ती ही की, काम करणाऱ्या स्त्रीचे नाव कोठेही लिहिलेले नसते. जिचे नाव हजेरीच्या वहीत नाही, तिला कामावरून काढले असे सिद्ध करता येत नाही. कारण ती कामावर होती हेच मुळी सिद्ध होत नाही. जिचे दिवस लिहिलेले नाहीत, तिला बाळंतपणाची रजा मागता येत नाही. जिची मजुरी लिहिलेली नाही, तिला ती पुरुषापेक्षा कमी मिळाली की समान मिळाली, हे सांगता येत नाही. या लेखात ऊसतोडणीचे उदाहरण मुख्यत्वे पुढे ठेवून या प्रश्नाची मांडणी केली आहे, आणि शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांना काय करता येईल याचे विवेचन केले आहे.

कोयता म्हणजे दोन माणसे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सामान्यपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व चार ते सहा महिने चालतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून मजुरांच्या टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत व पलीकडे कर्नाटकात जातात. कारखाना व मजूर यांच्यामध्ये मुकादम असतो. तो पावसाळ्यातच मजुरांना उचल देतो, आणि हंगामात ही उचल तोडलेल्या उसाच्या मजुरीतून फेडून घेतली जाते.

या व्यवहारात माणूस मोजण्याचे माप म्हणजे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून एक जोडी. एकट्या माणसास अर्धा कोयता म्हणतात. पुरुषाने ऊस तोडावा. स्त्रीने पाचट काढावे, मोळ्या बांधाव्यात व त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेऊन भराव्यात, अशी कामाची वाटणी बहुधा असते. पुष्कळ फडांत स्त्रियाही कोयता चालवितात. पहाटे उठून स्वयंपाक, पाणी आणि मुलांची सोय लावून ती फडात येते, आणि रात्री गाडी भरून झाल्यावर पुन्हा कोपीवर येऊन चूल पेटविते.

म्हणजे कोयत्याचे अर्धे काम स्त्रीचे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु उचल घेताना अंगठा अगर सही पुरुषाची होते, मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचे असते, आणि हिशेबही पुरुषाशीच होतो. उदाहरणादाखल असे धरू की, एका जोडीने दीडशे दिवसांत २२५ टन ऊस तोडून भरला, आणि दर टनास ३६० रुपये पडला. एकूण मजुरी ८१,००० रुपये झाली. यात स्त्रीचा वाटा ४०,५०० रुपयांचा, म्हणजे दररोज २७० रुपयांचा झाला. परंतु हे २७० रुपये कोणत्याही वहीत तिच्या नावाने लिहिलेले नसतात. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व मजुरांच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. अशी वाढ होते तेव्हाही ती कोयत्याला मिळते. स्त्रीच्या हाती त्यातील किती पडते, याची नोंद राहत नाही.

कोयत्याच्या या मापामुळे आणखी एक भेद उत्पन्न होतो. विधवा, टाकलेली अगर एकटी राहणारी स्त्री कामास तयार असली, तरी जोडीदार नाही म्हणून तिला टोळीत घेण्यास मुकादम सहसा राजी नसतो. घेतलेच तर उचल कमी देतो. ती काम किती करू शकते हे न पाहता, ती कोणाची बायको आहे हे पाहून येथे काम दिले जाते.

खाडा आणि शरीराचे हाल

एखाद्या दिवशी कोयता कामावर आला नाही, तर त्यास खाडा म्हणतात. खाड्याबद्दल मुकादम दंड लावतो, आणि हा दंड पुष्कळदा दिवसाच्या कमाईइतका अगर तिच्याहूनही अधिक असतो. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तोडणीची मजुरी टनावर असते. ज्या दिवशी ऊस तोडला नाही, त्या दिवशीची मजुरी मुळातच मिळत नाही. त्यावर पुन्हा दंड बसविणे म्हणजे एकाच दिवसाचा तोटा दोनदा सोसावयास लावणे होय.

हा भार स्त्रियांवर अधिक पडतो. मासिक पाळीचे दिवस, गरोदरपण, बाळंतपण, तान्ह्या मुलाचा आजार ही सर्व कारणे तिच्याच वाट्याची. फडाजवळ आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही, आणि विश्रांती घेतली तर खाडा, अशा स्थितीत दुखणे अंगावर काढण्याकडे कल होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने त्या वेळी विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसून आले. म्हणजे साधारणपणे दर सहा स्त्रियांमागे एक. या सर्वच शस्त्रक्रिया केवळ खाड्याच्या धास्तीने झाल्या असे म्हणता येणार नाही. लहान वयातील लग्ने, अपुरे उपचार, भीती घालून केलेल्या शस्त्रक्रिया हीही कारणे त्यात होती. परंतु ज्या कामात चार दिवसांची विश्रांतीही दंडास पात्र ठरते, त्या कामाचा या आकड्याशी संबंध नाही असेही कोणास म्हणता येणार नाही.

कायद्याने दंडावर मर्यादा घातलेली आहे. वेतन संहिता, २०१९ हा केंद्र सरकारचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यानुसार दंड कोणत्या कसुरीबद्दल करता येईल, हे आधी ठरवून जाहीर करावे लागते. मजुरास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आणि दंडाची एकूण रक्कम त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. गैरहजेरीबद्दल कपात करावयाची तर ती गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणातच करता येते. एका दिवसाबद्दल दोन दिवसांचे पैसे कापता येत नाहीत.

हंगाम संपणे आणि कामावरून काढणे

हंगामी काम हंगामाबरोबर संपते. साखर कारखान्याचे गाळप बंद झाले अगर द्राक्षाच्या बागेतील विरळणी उरकली म्हणजे मजूर घरी जातात. याला कामावरून काढणे म्हणता येत नाही, आणि याविषयी तक्रार करण्यासही जागा नसते. परंतु पुढील तीन प्रकार याहून निराळे आहेत. हंगाम चालू असता, इतर मजूर कामावर असता, एकीलाच काढून टाकणे हा पहिला प्रकार. पुढील हंगामात जुन्या सर्वांना बोलावून एकीलाच वगळणे हा दुसरा. आणि गरोदर आहे, पैशाचा हिशेब मागते, किंवा मुकादमाच्या अगर पर्यवेक्षकाच्या गैरवर्तनाविरुद्ध बोलते, एवढ्याच कारणावरून काढणे हा तिसरा.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेला एक निर्णय लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंजाबातील मोरिंडा येथील सहकारी साखर कारखान्यातील हंगामी कामगारांचे हे प्रकरण होते. गाळप संपल्यावर काम थांबणे म्हणजे कामगारकपात नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पण ते एवढ्यावरच थांबले नाही. कारखान्याने हंगामात कामावर असलेल्या सर्व कामगारांची नोंदवही ठेवावी. नवा हंगाम सुरू होताना हे कामगार ज्या भागात राहतात तेथे तशी जाहीर सूचना द्यावी. आणि जे हजर होतील त्यांना ज्येष्ठतेनुसार व कामाच्या गरजेनुसार कामावर घ्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला.

या निर्णयाचे सार असे की, हंगामी कामगाराचा हक्क हंगामाच्या शेवटी मावळत नाही. तो पुढील हंगामापर्यंत नोंदवहीत राहतो. आणि म्हणूनच नोंदवहीत नाव नसणे म्हणजे हा हक्कच नसणे होय. कारखान्यात अगर प्रतवारीच्या शेडमध्ये पुरुषांची नावे हजेरीपटावर आणि स्त्रिया मात्र ठेकेदाराच्या कागदाच्या चिटोऱ्यावर, अशी व्यवस्था असली म्हणजे ज्येष्ठता पुरुषांचीच मोजली जाते. वीस हंगाम काम केलेली स्त्रीही दरवर्षी नवीनच ठरते.

सूडबुद्धीने कामावरून काढणे, तसेच कामगारांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे बदली अगर हंगामी म्हणूनच ठेवणे, या अनुचित कामगार प्रथा होत. महाराष्ट्राने १९७१ सालीच त्यांविरुद्ध कायदा केला, आणि केंद्राच्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही त्यांचा समावेश आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या रानात चार दिवस खुरपणीस आलेल्या मजुरास मात्र कारखान्याच्या कामगारासारखा परत बोलावण्याचा हक्क मिळालेला नाही. हा फरक कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा, म्हणजे भलतीच आशा दाखविली जाणार नाही. परंतु ठरलेली मजुरी, किमान वेतन आणि समान मजुरी हे हक्क शेतावरील मजुरासही आहेत.

समान कामास समान मजुरी

एकाच रानात, एकाच सूर्याखाली, एकाच ओळीने कांदा लावणाऱ्या बाईला व गड्याला निरनिराळी मजुरी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. विचारले असता शेतकरी सांगतात की, गडी जड काम करतो. कोठे हे खरेही असते. गड्याने दिवसभर पोती उचलली व बाईने निवडणी केली, तर ती दोन कामे वेगळी आहेत. परंतु दोघेही लागणच करीत असतील, अगर दोघेही द्राक्षाचे घड विरळीत असतील, तर जड व हलके हा भेद उरतच नाही. उलट विरळणी, प्रतवारी, वेचणी यांसारख्या नाजूक हाताच्या कामांत स्त्रिया अधिक सफाईने काम करतात म्हणून त्यांनाच बोलावले जाते. आणि तेच काम ‘बायकांचे’ म्हणून त्याचा दर कमी ठेवला जातो.

समान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. त्यातील तत्त्वे आता वेतन संहितेत घेण्यात आली आहेत. एकाच मालकाकडे एकाच प्रकारचे अगर सारखे काम असेल, तर मजुरीत स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. कामासाठी लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी ही सारखी असली, म्हणजे ते काम सारखे समजले जाते. कामावर घेतानाही असा भेद करण्यास मनाई आहे. आणि समानता आणण्याच्या निमित्ताने पुरुषांची मजुरी कमी करण्यासही मनाई आहे. वाढवावयाची ती स्त्रियांची.

मुंबईतील एका कंपनीतील स्त्री लघुलेखिकेने आणलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली असे सांगितले की, कामे तंतोतंत एकसारखी आहेत की नाहीत याचा कीस न काढता व्यापक दृष्टीने पाहावे. किरकोळ फरकांवरून मजुरीतील भेद समर्थनीय ठरत नाही. मालकाची ऐपत नाही, ही सबबही न्यायालयाने मान्य केली नाही.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या आणि पुढे १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेत कामाचे मोजमाप करून मजुरी देण्यात आली. तिच्या दरात स्त्री व पुरुष असा भेद नव्हता. त्या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. कारण तेथे हजेरीपट होता, आणि त्यावर त्यांचे स्वतःचे नाव होते.

मजुरी कोणाच्या हाती

मजुरी समान ठरली तरी ती मधल्या माणसाच्या हातून गेली, तर वाटेत गळते. दिल्ली येथे १९८२ साली भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावर किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे होते. स्त्री मजुरांच्या हाती ७ रुपयेच पडत, आणि वरची रक्कम जमादार खाऊन टाकीत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असे न्यायालयाने त्या वर्षी सांगितले. तेथील जमादार आणि आपल्याकडील मुकादम यांची जागा सारखीच आहे. मुकादमाने किंवा ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ज्याच्याकरिता काम झाले त्या मूळ मालकावर ते देण्याची जबाबदारी येते, हे वेतन संहितेत स्पष्ट केलेले आहे.

कामावरून काढल्यास, अगर मजुराने स्वतः काम सोडल्यास, राहिलेली सर्व मजुरी दोन कामाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘हंगामाच्या शेवटी हिशेब करू’ असे सांगून कामावरून काढलेल्या बाईला परत पाठविणे बेकायदा आहे.

बाळंतपण हे काढून टाकण्याचे कारण नव्हे

प्रसूती लाभाचा कायदा १९६१ साली झाला. त्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहेत. कारखाना, मळे, तसेच दहा अगर अधिक कामगार असलेली आस्थापना यांना त्या लागू होतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस पगारी रजेचा हक्क आहे. दोन मुले हयात नसतील तर ही रजा २६ आठवड्यांपर्यंत असते, एरवी १२ आठवड्यांची. रजेवर असता तिला कामावरून काढणे, अगर तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणे बेकायदा आहे.

हंगामी कामगारांच्या दृष्टीने ८० दिवसांची ही अट फार महत्त्वाची आहे. पाच महिन्यांच्या हंगामात ८० दिवस सहज भरतात. हंगामी अगर रोजंदारीवरील स्त्रीस हा लाभ मिळत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी निर्णय दिला की, कायम कामगारांप्रमाणेच त्यांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे. त्या स्त्रियांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा त्यांच्या नावांचा हजेरीपट हाच होता.

ऊसतोडीच्या बाबतीत अडचण आहे. तोडणीचे मजूर आपले नव्हेत, ते मुकादमाचे अगर वाहतूक ठेकेदाराचे आहेत, अशी भूमिका कारखान्यांकडून घेतली जाते. ही भूमिका टिकते की नाही, हे ज्या त्या प्रकरणातील पुराव्यावरून ठरते. आणि पुरावा म्हणजे पुन्हा नाव, दिवस व वजन यांची नोंद. ज्यांना हा कायदा लागू होत नाही अशा स्त्रियांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्याच्या वेळी मिळणारे ५,००० रुपये घेण्यास विसरू नये. त्यासाठी अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात गावी असतानाच नोंद करावी, म्हणजे स्थलांतरात हप्ता बुडत नाही.

वही कशी ठेवावी

हजेरीची वही ठेवण्यास फार शिक्षण लागत नाही. साधी रेघांची वही घेऊन तीत पुढील रकाने आखावेत : तारीख, मजुराचे स्वतःचे पूर्ण नाव, गाव, कामाचा प्रकार, पूर्ण दिवस की अर्धा, अगर टनावर काम असल्यास वजन, दर, झालेली मजुरी, उचल अगर अन्य कपात, हाती दिलेली रक्कम, आणि सही अगर अंगठा. नवरा-बायको दोघेही कामावर असल्यास दोन ओळी लिहाव्यात. ‘अमका व त्याची बायको’ अशी एक ओळ लिहू नये. कोयत्याची मजुरी एकत्र मोजली जात असल्यास तिचे दोन सारखे भाग करून प्रत्येकाच्या नावापुढे मांडावेत. उचलही जोडीच्या नावावर दोन भागांत लिहावी, म्हणजे एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसत नाही.

कारखान्याची वजनपावती, मजुरीची चिठ्ठी, बँकेच्या खात्यात जमा झाल्याची नोंद, हे सर्व वहीसोबत जपून ठेवावे. मजुरी शक्यतो स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी. मजुरांनीही आपली स्वतंत्र लहान वही ठेवावी, आणि दर आठवड्यास मुकादमाच्या वहीशी ती ताडून पाहावी. टोळीत एखादी शिकलेली मुलगी असल्यास हे काम तिच्याकडे सोपवावे.

येथे लहान शेतकऱ्यांनी एक सूट लक्षात घ्यावी. शेतीच्या कामासाठी पाचपेक्षा अधिक मजूर न लावणाऱ्या मालकास कायद्याने ठरविलेल्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन नाही. परंतु निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा त्याने दाखविला पाहिजे. पुरावा दाखवावयाचा तर काहीतरी लिहून ठेवणे आलेच. म्हणून सूट असली तरी वही ठेवणेच शहाणपणाचे.

वहीत शेतकऱ्याचेही हित

नोंद ठेवली तर मजूर हक्क मागतील, अशी भीती काही बागायतदारांस वाटते. ती अनाठायी आहे. मजुरीच्या दाव्यात मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि कमी दिलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. अशा वेळी ज्याने वही ठेवली नाही, त्याने प्रामाणिकपणे पैसे दिलेले असले तरी तो उघडा पडतो. वही ही मजुराची ढाल आहे, तशीच मालकाचीही आहे.

शिवाय हंगामात मजूर मिळत नाहीत ही आज प्रत्येक बागायतदाराची ओरड आहे. ज्या बागेत हिशेब चोख मिळतो, बाईला गड्याइतके पैसे मिळतात, आणि आजारपणात पुढल्या आठवड्यास पुन्हा बोलावणे येते, तेथे कुशल मजूर स्त्रिया वर्षानुवर्षे न बोलावता येतात. विरळणीचा हात बसण्यास दोन-तीन हंगाम लागतात; असा बसलेला हात घालविणे म्हणजे स्वतःच्या मालाची प्रत घालविणेच होय.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाची कामे

ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्यात येते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठीही ही ओळख उपयोगी पडते. टोळ्या गाव सोडण्यापूर्वीच, म्हणजे दसऱ्याच्या आत, ही नोंद पुरी करावी. कुटुंबप्रमुखाच्या नावावर न भागविता प्रत्येक स्त्रीच्या नावाची स्वतंत्र नोंद घ्यावी. विधवा व एकट्या स्त्रियांना आवर्जून विचारावे. ‘ई-श्रम’ नोंदणी व बँकेचे खातेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

एखादी स्त्री तक्रार घेऊन आली, तर प्रथम तिच्याकडून पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : काम कोणाचे व कोठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मजुरीचा दर काय ठरला व हाती काय पडले, काढताना कोणते कारण सांगितले, आणि सोबत काम करणाऱ्या कोण साक्ष देतील. वही नसल्यास साक्षीदार, वजनपावत्या, उचलीचा कागद, भ्रमणध्वनीवरील निरोप हेही पुरावे होऊ शकतात. अर्ज जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्यावा व पोच घ्यावी. पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीस तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो.

काढून टाकण्यामागे मुकादमाचे अगर अन्य कोणाचे लैंगिक गैरवर्तन असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. असंघटित कामातील स्त्रियांसाठी ही सोय मुद्दाम केलेली आहे. आणि उचल फिटली नाही म्हणून कोणास अडकवून ठेवले असेल, मूल अगर सामान ठेवून घेतले असेल, तर तो प्रश्न मजुरीचा न राहता वेठबिगारीचा होतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. अशा वेळी विलंब न करता तहसीलदार व जिल्हाधिकारी यांस कळवावे.

तक्रारीत गावातील मोठ्यांची मध्यस्थी पुष्कळदा होते. ती होण्यास हरकत नाही. परंतु तडजोड स्त्रीच्या समक्ष व्हावी, रक्कम तिच्या हाती द्यावी, आणि ती तिच्या नावाने लिहावी. नवऱ्याशी बोलून मिटविलेली तडजोड ही तिच्या तक्रारीची तडजोड नव्हे.

उपसंहार

कायदे पुष्कळ आहेत, आणि ते बदलतही असतात. परंतु कोणताही कायदा फडात जाऊन मोळ्या मोजीत नाही, की रानात उभा राहून माणसे मोजीत नाही. ते काम आपणच केले पाहिजे. येत्या हंगामात आपल्या गावातून जाणाऱ्या आणि आपल्या शेतावर येणाऱ्या प्रत्येक मजूर स्त्रीचे नाव, तिचे दिवस व तिची मजुरी या तीन गोष्टी लिहिल्या जातील, एवढी जरी काळजी शेतकऱ्यांनी व ग्रामकार्यकर्त्यांनी घेतली, तरी अकारण काढून टाकणे व कमी मजुरी देणे या दोन्ही अन्यायांची वाट पुष्कळ अंशी बंद होईल. एक वही, एक पेन्सिल आणि रोजची पाच मिनिटे एवढाच यास खर्च आहे.